कपाटावरचं खोकं

ताई, नमस्कार.

मी ४२ वर्षांचा. नोकरी हिशेबाची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांची जुळवाजुळव. हाताने काहीतरी करायची हौस लहानपणापासूनची. पण आमच्या कपाटावर एक खोकं आहे आणि त्यात माझी सगळी अर्धवट कामं पडून आहेत. लेक चार वर्षांची असताना तिच्यासाठी चित्रांचं गोष्टीचं पुस्तक करायला घेतलं होतं. ३२ पानांपैकी ११ झाली. ती आता नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ‘वर्षभर रोज एक चित्र’ असं ठरवलं, सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकला आणि मग वही उघडलीच नाही. आईकडून जुने फोटो आणले होते, त्यातल्या माणसांची नावं आणि किस्से लिहून एक संग्रह करायचा होता. ते पाकीटही तसंच आहे.

माझा एक मित्र खरोखर रोज चित्र काढतो. त्याला कसं जमतं? धाकटा भाऊ म्हणतो, चित्रं विकायला काढ, म्हणजे आपोआप शिस्त लागेल. बायको म्हणते, आता नवीन काही सुरू करू नकोस. सुरुवातीला इतका उत्साह असतो की झोप लागत नाही, आणि पंधरा दिवसांत तो कुठे जातो ते कळत नाही. तो टिकवायचा कसा? की माझ्यात ते मुळात नाहीच?

– अर्धवटराव

---

अर्धवटराव,

सगळ्यात आधी फोटोंचं पाकीट खाली काढा. बाकीच्या पत्राला उत्तर देतेच आहे, पण हे काम थांबणारं नाही. गोष्टीचं पुस्तक आणखी दोन वर्षं पडून राहिलं तर कागद जरा पिवळा पडेल, एवढंच. फोटोतली मंडळी कोण हे मात्र कदाचित एकट्या आईलाच ठाऊक असेल. तिचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या वयावरून अंदाज करता येतो.

तुम्हाला ‘संग्रह’ करायचा होता, आणि माझ्या मते काम तिथेच अडलं. संग्रह म्हटला की क्रम लावणं आलं, चांगली वही आली, सुबक अक्षर आलं, कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर याची चर्चा आली. त्यातलं काहीही आत्ता करायचं नाही. वीस फोटो निवडा, त्यांना क्रमांक द्या. आईजवळ बसा, मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू करा, प्रत्येक फोटो हातात देताना त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा आणि मग तिला बोलू द्या. तारखांसाठी अडवू नका. साल आठवायला लावलं की माणसं गप्प होतात. ‘हिने असं तोंड का केलंय?’ असं विचारलं की बोलायला लागतात. मध्येच ती तिसऱ्याच कुणाची गोष्ट सांगायला लागली तर रेकॉर्डिंग बंद करू नका, बहुतेक वेळा तीच गोष्ट हवी असते. वीस फोटो झाले की हे काम संपलं. पुढचे वीस हे नवीन काम, ते करायचं का ते तेव्हा ठरवा.

एक मात्र सांभाळा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. दाबाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई खालच्या फोटोला लागू शकते. जुन्या, कागदी पाठीच्या फोटोंवर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहिता येतं. नंतरच्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल नीट उमटत नाही. असे फोटो एकेका कागदी पाकिटात ठेवावेत आणि क्रमांक पाकिटावर घालावा, तोही फोटो आत सरकवण्याआधी. शिवाय चिकट पानांचे आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. काही वर्षांनी त्यातला डिंक फोटो सोडायला तयार होत नाही.

आता उत्साहाचं बोलू.

तो टिकवायचा कसा, असं तुम्ही विचारता. मी म्हणेन, टिकवायच्या भानगडीत पडूच नका. झोप उडवणारा तो पहिला उत्साह कल्पनेचा असतो. कल्पनेत पुस्तक झालेलं असतं, लेक ते मांडीवर घेऊन बसलेली असते. प्रत्यक्ष काढायला बसलं की हत्तीचा मागचा पाय चार वेळा खोडूनही खुर्चीच्या पायासारखाच दिसतो. तिथे तो उत्साह ओसरणारच. तुमचा ओसरतो, तसा तुमच्या मित्राचाही ओसरत असणार. त्यापुढे माणूस टिकतो तो काम हललेलं दिसतं म्हणून. तेरेसा अमाबिले या अमेरिकी संशोधक कामाच्या ठिकाणच्या सर्जनशीलतेचा अभ्यास करतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांकडून रोज दिवसाअखेरीस टिपणं लिहून घेतली; सुमारे १२,००० टिपणं जमली. २०११ साली त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा, की माणसांच्या चांगल्या गेलेल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा आढळणारी गोष्ट म्हणजे आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामात एखादं पाऊल पुढे पडणं. पाऊल लहान असलं तरी चालत होतं. ती सगळी पगारी नोकरीतली माणसं होती, रात्री दमून घरी येऊन चित्र काढणारी नव्हती, हे खरं. तरी मला हे तुमच्या बाबतीत तंतोतंत लागू वाटतं, कारण तुमचं काम तुम्हाला कधी पुढे सरकलेलं दिसलंच नाही. तुम्ही हिशेबनीस. ३२ पैकी ११ पानं झाली, तर तुमच्या डोळ्यांना ११ दिसत नाहीत, २१ बाकी दिसतात. वर्षभराच्या चित्रांत तर पहिल्याच दिवशी ३६४ बाकी. अशा खात्याकडे रोज रात्री कोण हौसेने बघेल?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : काम सुरू करण्याआधी ते कुठे संपतं ते ठरवा, आणि तो शेवट इतका जवळ ठेवा की बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. तुम्हाला सुरुवात उत्तम जमते. शेवट मात्र तुम्ही दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी मापाने घेतलेत.

ते ३२च बघा. हा आकडा कुठून आला? मला दाट शंका आहे, की मुलांची चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. पुष्कळशी असतात खरी. पण ते छापखान्याचं गणित आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याला घड्या घालत गेलं की ८, १६, ३२ अशी पानं पडतात, म्हणून पानांची संख्या फर्म्याच्या, म्हणजे अशा एका घडी घातलेल्या कागदाच्या हिशेबात बसवली की कागद वाया जात नाही. गोष्टीला ३२ पानं लागतात असा काही नियम नाही. तुमच्या लेकीला तर मुळीच लागत नव्हती.

एकाच कागदाची आठ पानी पुस्तिका करा. मोठा कागद घ्या, उभ्या-आडव्या घड्या घालून त्याचे दोन ओळींत चार-चार असे आठ सारखे भाग पाडा. कागद उघडा. आता तो मध्यावर असा दुमडा की लांबी निम्मी होईल, आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या आडव्या रेषेवर एका भागाएवढंच कापा. पुन्हा उघडलात की कागदाच्या पोटात एक चीर दिसेल. कागद लांबीच्या घडीवर दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. चीर फाकते, पानं एकावर एक येतात आणि टाका नाही, डिंक नाही, तरी पुस्तक तयार. पुढे मुखपृष्ठ, मागे मलपृष्ठ, मध्ये सहा पानं. हे आधी कोऱ्या कागदावर करून पानांना क्रमांक घाला आणि मग उलगडून बघा, कारण सपाट कागदावर निम्मी पानं डोक्यावर उभी असतात. ते लक्षात आलं नाही तर तुमचा हत्ती शीर्षासन करेल. सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे छायाप्रत काढली की दुसरी प्रत हातात.

तुमच्याकडे ११ पानं काढलेली आहेत आणि लागतात सहा. म्हणजे काम शिल्लक नाहीच, उलट जास्त झालंय. ती अकराही जमिनीवर पसरा आणि लेकीला बोलवा. ‘तू लहान असताना हे तुझ्यासाठी करत होतो, यातली सहा निवड’ एवढंच सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या मुलीची गोष्ट बाळबोध वाटणारच. ती कदाचित गोष्ट उलटीपालटी करेल, हत्तीला खलनायक करेल, तुम्ही जीव ओतून काढलेलं पान बाजूला टाकेल. टाकू द्या. शब्द तिचे असू देत. आणि तिला यात काडीचाही रस नसेल, तर रागावू नका; तुम्हीच सहा निवडा आणि एका बैठकीत संपवा. चित्रं लहान करून चिकटवलीत तरी चालेल. ३२ पानांचं ते पुस्तक मात्र आता होणार नाही, हे स्वतःला स्पष्ट सांगून टाका. ते ज्या मुलीसाठी होतं ती मोठी झाली.

वेळेचं म्हणाल तर तुमचा अंदाज चुकेल. हे तुमच्याबद्दल नाही, एकूण माणसाबद्दल म्हणते. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, अजून किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, असंही विचारलं. ते उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे सगळी विघ्नं मोजून धरली तरीही माणूस कमीच बोलतो. तेव्हा पुस्तिकेला दोन सुट्ट्या पुरतील असं वाटलं तर चार धरा, आणि तिसरीत मामला अडकला तर ‘माझ्यात शिस्तच नाही’ ही टेप लावू नका.

रोजच्या चित्राचं काय करायचं? ते रद्द करा. तुम्हाला हा व्यवहार चांगला ठाऊक आहे : वसूल न होणारी रक्कम वर्षानुवर्षं पुढच्या पानावर ओढत न्यायची नसते, ती निर्लेखित करायची, म्हणजे हिशेबातून काढून टाकायची असते. वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानाखाली तारीख घाला, ‘योजना बंद’ असं लिहा, आणि उरलेली पानं कशालाही वापरा. वाण्याची यादी लिहिलीत तरी चालेल.

पण एक दिवस चुकल्यावर सगळंच का सुटलं, हे बघण्यासारखं आहे. सवयीबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते मूळचं मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचं १९६० मधलं निरीक्षण. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे सांगता सांगता ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याचाही विसर पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली तुमच्या कामाची ओळ वेगळीच आहे : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष काही बिघडत नव्हतं. तुमचा चुकलेला तो दिवस निरुपद्रवी होता. तुम्ही मात्र नियमच असा केला होता, की एक दिवस गेला की वर्ष बाटलं. शिवाय त्या अभ्यासातल्या सवयी म्हणजे पाणी पिणं, थोडं चालणं अशा जातीच्या. टेबलापाशी जाऊन बसण्याची सवय लागू शकते. चित्र सुचण्याची सवय लागते का, याबद्दल मला शंका आहे.

या विषयावर बोलताना अँथनी ट्रोलप हटकून पुढे केला जातो. इंग्रज कादंबरीकार, पोस्ट खात्यात ३० हून जास्त वर्षं नोकरी आणि शिवाय ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. ऐकूनच अपराधी वाटतं. पण त्याने आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आहे, ती सांगायचं लोक विसरतात. त्याला पहाटे उठवायला एक म्हातारा नोकर होता, आणि तेवढ्या कामाचे त्या नोकराला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. ट्रोलप थोर होताच. पण त्याला उठवणारं कुणीतरी होतं आणि तुमच्या घरी सकाळी लेकीला शाळेसाठी उठवणारे बहुधा तुम्हीच आहात, हे विसरून तुलना करू नये.

मित्राचंही तसंच. त्याला कसं जमतं ते मला काय ठाऊक, त्यालाच विचारा. फक्त ‘तुला प्रेरणा कुठून मिळते’ असलं विचारू नका. रंग कुठे ठेवतोस, कागद कापलेले असतात का, किती वाजता बसतोस, वाईट आलेल्या चित्राचं काय करतोस, हे विचारा. माझी पैज आहे, त्याची वही आणि पेन्सिल हाताच्या अंतरावर असणार. तुमची कपाटावर आहेत! स्टुलावर चढून खोकं काढायचं, वरची धूळ पुसायची, दोन मेलेल्या कामांखालून तिसरं जिवंत काम उपसायचं, एवढं झाल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत माणूस काय काढणार? चालू असलेलं काम तेवढं खाली ठेवा, उघड्यावर, सगळ्या सामानासकट. बाकी खोकं राहू द्या तिथेच.

आणि उठताना एक चिठ्ठी लिहून ठेवा. ‘पुढे : झाडामागची सावली, मग पान ४ ची ओळ.’ इतकी साधी. पुढच्या वेळी बसल्यावर सगळ्यात जड जातं ते ‘कुठे होतो आपण’ हे शोधणं, आणि दमलेलं डोकं तिथेच हार मानतं. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही असं दिसलं, की अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते पुढे केव्हा आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं की काम न करताही टोचणी बरीच कमी होते. रात्री झोप उडते म्हणालात ना, तिलाही चिठ्ठी लागू पडते का ते बघा.

रोजचं चित्र रद्द केल्यावर चित्र काढायचंच नाही असं नव्हे. आकडा ठरवा, तारखा ठरवू नका. होकुसाई हा जपानी चित्रकार सत्तरीला टेकला होता तेव्हा, १८३० च्या सुमारास, त्याने फुजी पर्वताची ३६ दृश्यं काढायला घेतली. पर्वत तोच, कधी लाटेच्या पोटातून दिसणारा, कधी पिंप बनवणाऱ्या कामगाराच्या पिंपातून. लोकांना ती मालिका इतकी आवडली की त्याने वर आणखी १० काढली. एकूण ४६ झाली, नाव ३६ चंच राहिलं. मला यात गंमत वाटते ती अशी, की शेवट ठरलेला होता म्हणून त्याच्या पुढे जाता आलं. ‘आयुष्यभर फुजी’ असं ठरवलं असतं तर ४६ हा आकडा कमी वाटला असता. तुम्ही बारा घ्या. एकाच खिडकीची बारा चित्रं, किंवा घरातल्या माणसांच्या चपलांची. केव्हाही काढा, एका दिवशी दोन काढा, महिनाभर एकही काढू नका. बारावं झालं की भिंतीवर ओळीने लावा. तेरावं काढायची खुमखुमी आली तर छानच.

भावाचं म्हणणं आता. त्याचा हेतू चांगला आहे, पण सल्ला मला पटत नाही. १९७३ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, मुळात चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात वर्गात रंगीत पेनं ठेवली, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. तुम्ही बालवाडीत नाही, आणि विकण्यात पाप नाही. पुढे कुणी स्वतःहून मागितलं तर जरूर द्या, पैसे घ्या. पण जे काम अजून तुमचं तुम्हाला पुरं करता येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या धाकाने पुरं करून घ्यायचं, म्हणजे दिवसभराच्या नोकरीला रात्रपाळीची जोड. हिशेब तुम्ही ऑफिसात करताच.

बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नवीन काही सुरूच करू नये, हे मला मान्य नाही. नवीन सुचणं थांबलं तर तुमच्यासारख्या माणसाचं फार अवघड होईल, आणि ते घरच्यांनाही जड जाईल. पण मला वाटतं, ती नव्या कामांना कंटाळलेली नसावी, घोषणांना कंटाळली असावी. दर वेळी तुम्ही उत्साहाने सांगणार, ती उत्साहाने ऐकणार, आणि मग महिन्याभराने ‘त्याचं काय झालं?’ हे विचारायचं की नाही, याचा विचार तिने करायचा. तेव्हा पुढच्या वेळी काही सांगू नका. सुचलेलं एका वहीत लिहा आणि वही मिटा. एका वेळी खाली दोनच कामं राहतील. तिसरं हवं असेल तर त्या दोनांपैकी एक संपवायचं किंवा रद्द करायचं. रद्द करण्याला कमीपणा नाही, ते चोरून करू नका एवढंच. संपलेलं काम टेबलावर ठेवा, तिला आपसूक दिसेल.

राहिला शेवटचा प्रश्न, तुमच्यात ते मुळात आहे की नाही. इथे लिओनार्दो दा विंचीच्या अपुऱ्या चित्रांचा दाखला द्यायची पद्धत आहे. मी देत नाही, त्याने तुमचं खोकं हलकं होत नाही. ‘ते’ म्हणजे काय, हेच मला कळत नाही. नोकरी आणि चार वर्षांचं मूल सांभाळून ज्याने ११ पानं रंगवली त्याला काम करता येतं, एवढं मला दिसतं. हेही शक्य आहे, की तुम्हाला सुरुवातीच आवडतात. नवं साहित्य हाताळणं, कसं होतं ते बघणं, आणि जमलं की सोडून देणं. तसं असेल तर तो एक चांगला छंद आहे. मग तसं मान्य करा आणि खोकं उघडून सामान कुणाला तरी देऊन टाका. पण मग ज्यांना शब्द दिला आहे अशी माणसं त्यात गुंतवू नका. लेकीचं पुस्तक आणि आईचे फोटो या तुम्ही दिलेल्या शब्दाच्या गोष्टी आहेत, चित्रवही फक्त तुमची होती. खोक्यात तिन्ही एकत्र पडल्यामुळे सगळ्यांची टोचणी सारखीच वाटते.

तुमच्या पत्राला एक ता. क. होता, तो वर छापलेला नाही. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ लादीवर, कोरून ठसे छापायचा संच सवलतीत मिळतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. (बायकोला हे ठाऊक आहे का?) संच घेऊ नका. फोटोंचे वीस आणि पुस्तिकेची आठ पानं झाली की एक मोठं, मऊ खोडरबर आणि व्ही आकाराच्या टोकाची एकच कोरणी आणा. लिनोवर जे करायचं ते सगळं लहान प्रमाणात त्यावर शिकता येतं : काय कोरलं की पांढरं राहतं, काय ठेवलं की छापलं जातं, शाई किती पातळ लावायची. अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरावी लागतात. कागदावर मऊ पेन्सिलीने सुलट लिहा, तो कागद खोडरबरावर पालथा दाबा, अक्षरं आपोआप उलटी उमटतील. खोडरबर वळवत राहा, कोरणी वळवू नका. आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे.